ग्वादालूपेचे द्राक्षखोरे आणि एन्सेनादा: मार्गदर्शकासोबतच्या एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न: मृण्मयी

नमस्कार. आई-बाबा सध्या माझ्याकडे सॅन डिएगोला आले आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना सीमेपलीकडे बाहा कॅलिफोर्नियातील ग्वादालूपेच्या खोऱ्यात एक दिवस घेऊन जावे, असे मनात आहे. मेक्सिकोच्या वाइनपैकी फार मोठा वाटा या एका खोऱ्यातून आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून येतो, एवढे मी वाचले आहे.

एका सहल कंपनीने पाठवलेला कार्यक्रम असा आहे: सकाळी सातला सीमेवरून प्रस्थान, खोऱ्यातील चार वाइनरींमध्ये चाखणी, तिथेच दुपारचे जेवण, त्यानंतर एन्सेनादा शहरात दोन तास, मग ला बुफादोरा हे समुद्राचे उसळते कारंजे आणि रात्री नऊपर्यंत परत. वाचताना सगळेच हवेसे वाटते. मात्र सत्तरीच्या जवळ आलेल्या दोघांना हे झेपेल का आणि झेपले तरी त्यातून त्यांच्या पदरात काय पडेल, याची मला शंका आहे.

आमच्या तिघांच्या आवडी वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्याही सांगते. बाबांचा सगळा जन्म शेतीत गेला. त्यांना वाइनपेक्षा वेली, माती आणि पाणी यांविषयी बोलायला आवडेल. आई मद्य घेत नाही आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, पण जुन्या वस्तू, हातमागाची व विणकामाची कामे, माणसांच्या कहाण्या यांत ती तासन्‌तास रमते. मला स्वतःला वाइन आवडते आणि या खोऱ्यातील नेब्बिओलो या मूळच्या इटालियन द्राक्षजातीच्या लाल वाइनविषयी बरेच कुतूहल आहे. मी गाडी चालवली तर मला काही चाखता येणार नाही, म्हणून मार्गदर्शकासह सहलीचा विचार सुरू केला.

असा मार्गदर्शक घेणे खरोखर उपयोगाचे असते का? चार वाइनरी जास्त होतात का? एन्सेनादा त्याच दिवशी पाहावे की सोडून द्यावे? आणि भारतीय पारपत्रावर सीमा ओलांडताना कशाची काळजी घ्यावी? ज्यांनी हा भाग नीट पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: शिवार

मृण्मयी, मार्गदर्शक अवश्य घ्या, पण हा कार्यक्रम मात्र घेऊ नका. त्यातील दोन वाइनरी आणि ला बुफादोरा काढून टाकले, तर उरलेला दिवस तुम्हा तिघांनाही आवडेल, असे मला मनापासून वाटते.

आधी चाखणीचा हिशेब मांडू. एका ठिकाणी साधारणपणे चार वाइन समोर येतात. प्रत्येक पेल्यात पन्नास मिलिलिटर धरले तरी एका वाइनरीत २०० आणि चार ठिकाणी मिळून ८०० मिलिलिटर होतात, म्हणजे एका बाटलीपेक्षा अधिक. काउंटरवर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकण्याची रीत तिथे सर्वमान्य आहे आणि तसे केले तर कोणालाही वावगे वाटत नाही. तरीही तिसऱ्या ठिकाणानंतर जीभ बोथट होते आणि कान तर त्याआधीच ऐकेनासे होतात. चौथ्या वाइनरीतील माणूस कितीही आपुलकीने सांगत असला तरी ते सांगणे वाया जाते. शिवाय न पिणाऱ्या तुमच्या आईंना चार वेगवेगळ्या टेबलांपाशी नुसते बसून राहावे लागेल, ते वेगळेच.

मार्गदर्शक हवा तो मुख्यतः दोन कारणांसाठी. एक म्हणजे तेथील रस्ते. तेकाते ते एन्सेनादा हा तीन क्रमांकाचा महामार्ग खोऱ्यातून जातो, परंतु बहुतेक लहान वाइनरी त्याच्यापासून आत, कच्च्या मातीच्या वाटांवर आहेत. पत्ते महामार्गाच्या किलोमीटरांवरून सांगितले जातात, फाट्यावरच्या पाट्या एकावर एक दाटीवाटीने लावलेल्या असतात आणि पुढे दोन वेलींच्या ओळींमधून जाणारी वाट नेमकी आपली की शेजाऱ्याची, हे कळत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लहान वाइनरींमध्ये आगाऊ वेळ घेऊन गेले तर अनेकदा वाइन करणारा माणूस स्वतः भेटतो, आणि तो स्पॅनिशमध्ये बोलतो. चांगला मार्गदर्शक त्याला नावाने ओळखत असतो, प्रश्न नेमका पोहोचवतो आणि उत्तरात काटछाट न करता ते तुम्हाला सांगतो. सहलीचे निम्मे पैसे मी या एका गोष्टीसाठी देईन.

आता बाबांसाठी. खोरे साधारण ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एवढ्या खाली, वाळवंटाच्या उंबरठ्यावर, वाइनची द्राक्षे का पिकावीत, हा प्रश्न त्यांना नक्की पडेल. त्याचे उत्तर पश्चिमेला आहे. खोऱ्याचे तोंड प्रशांत महासागराकडे उघडते. त्या किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो आणि रात्री समुद्रावरचे धुके व गार वारा खोऱ्यात आत शिरतो. उन्हाळ्यात दुपारी अंग भाजून निघाले तरी पहाटे स्वेटर लागतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकून राहतो. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तोही थोडा. उन्हाळा कोरडा असल्यामुळे घडांवरील बुरशीचा त्रास कमी राहतो.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि मार्गदर्शकाने हा विषय टाळला तर तुम्ही तो काढा. खोऱ्याला बारमाही वाहती नदी नाही. सारी मदार भूजलावर आहे. पाऊस जितके पाणी मुरवतो त्याहून अधिक उपसा होत आला आहे आणि या भूजलातून एन्सेनादा शहरालाही पाणी गेलेले आहे. उपसा वाढला तसे काही विहिरींचे पाणी खारट होत गेले. ठिबक सगळीकडे दिसते, पण ठिबकने खारटपणा जात नाही. बाबांना घेऊन एखाद्या जुन्या बागेत शिरा आणि वेलीची खालची, जून झालेली पाने उलटून पाहायला सांगा. कडा तपकिरी होऊन आत वळलेल्या दिसल्या तर त्यांना कोणी काही समजावण्याची गरज नाही. क्षाराने करपलेले पान कोणत्याही बागायतदाराला ओळखू येते. त्यानंतर त्याच बागेतील लाल वाइन चाखून पाहा. खोऱ्यातल्या कित्येक वाइनच्या शेवटच्या घोटात जिभेच्या कडांना जो किंचित खारट स्पर्श जाणवतो, त्याचा संबंध या पाण्याशी लावला जातो. कोणी त्याला या भूमीची ओळख मानतात, तर कोणी दोष. मला स्वतःला तो हलका असेल तर आवडतो. जास्त झाला की तो फळाची चव झाकून टाकतो.

वाइनरी निवडताना एक मोठी आणि एक लहान निवडा. मोठ्यांपैकी एल. ए. चेत्तो चांगली, कारण इटलीहून आलेल्या कुटुंबाने उभारलेला हा उद्योग केवढ्या प्रमाणावर चालतो, हे पोलादी टाक्यांच्या रांगा पाहताच लक्षात येते. तिथे नेब्बिओलोही मिळते. इथले नेब्बिओलो इटलीतल्या आपल्या मूळ भावंडापेक्षा रंगाने गडद आणि अंगाने भरलेले असते, त्यामुळे मनात काही ठरवून न जाता ते चाखा. १९८७ साली सुरू झालेल्या मोंते शानिकने उत्तम दर्जाच्या वाइनचा आग्रह धरला आणि खोऱ्याचे नाव बदलायला सुरुवात केली. तीही विचारात घेण्यासारखी आहे. लहानांपैकी वेना कावा पाहा. एन्सेनादाच्या गोदीतील जुन्या लाकडी होड्या उलट्या घालून त्यांचेच छत केलेले हे तळघर वास्तुरचनाकार आलेहांद्रो दाकोस्ता यांनी घडवले आहे. आत उभे राहून वर पाहिले की होडीच्या फासळ्या आणि फळ्यांमधल्या सांधेजोडी स्पष्ट दिसतात, आणि खाली ओकची पिंपे शांतपणे मुरत असतात. तुमच्या आईंनाही ही जागा आवडेल.

आलेहांद्रो यांचे बंधू ऊगो दाकोस्ता यांनी एल पोर्वेनीर गावात सुरू केलेली शाळा, जिला सगळे 'ला एस्कुएलिता' म्हणतात, तिच्याविषयीही मार्गदर्शकाला विचारा. गावातल्या लहान शेतकऱ्याने द्राक्षे दुसऱ्याला विकून मोकळे होण्याऐवजी स्वतःची वाइन करायला शिकावे, हा तिचा हेतू. आज खोऱ्यात दिसणाऱ्या लहान वाइनरींपैकी बऱ्याच जणांची पहिली वाइन तिथे तयार झाली. ज्या सहलीत हे नाव येत नाही ती सहल खोऱ्याचा वरवरचा भागच दाखवते, असे माझे मत आहे.

सहल कंपनीला पैसे भरण्याआधी एवढे विचारून घ्या: आम्हाला बागेत चालत नेणार का, की थेट काउंटरवर? गटात किती जण असतील? चाखणीचे पैसे धरलेले आहेत की तिथे वेगळे द्यावे लागतील? वाहनचालक आणि मार्गदर्शक वेगवेगळे आहेत का, आणि एकच असेल तर तो काहीही चाखत नाही ना? शेवटच्या प्रश्नाला कोणी चाचरत उत्तर दिले तर दुसरी कंपनी पाहा.

प्रतिसाद: दिगंत

वरील प्रतिसादात खोऱ्याविषयी उत्तम लिहिले आहे. मी फक्त सीमेपुरते लिहितो, कारण तिथे चूक झाली तर बाकीचा दिवस उरतच नाही.

भारतीय पारपत्रधारकाकडे अमेरिकेचा चालू मुदतीचा व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचे स्थायी रहिवासी कार्ड असले तरी चालते. मात्र व्हिसा पारपत्रात छापलेला आणि त्या दिवशी वैध असला पाहिजे. नोकरीच्या व्हिसाची मुदत वाढल्याचे मंजुरीपत्र जवळ आहे पण पारपत्रातील शिक्का संपला आहे, अशा स्थितीत ही सवलत मिळेल असे गृहीत धरू नका. आई-बाबांचा पर्यटक व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे याचीही खात्री करून घ्या, कारण संध्याकाळी त्यांना पुन्हा अमेरिकेत शिरायचे आहे.

सीमा ओलांडताना मेक्सिकोच्या इमिग्रेशन कक्षात थांबून प्रवेशाची नोंद करून घ्या. काही वाहने पर्यटकांना घेऊन तिथे न थांबता सरळ पुढे जातात आणि बरेचदा कोणी अडवतही नाही; तरी पुढे रस्त्यात तपासणी झाली तर नोंद नसलेल्या परदेशी प्रवाशाची बाजू लंगडी पडते. वृद्ध आई-वडील सोबत असताना हा धोका पत्करू नये.

माझा सल्ला असा की सहल सॅन डिएगोच्या घरापासून न घेता तिहुआनापासून घ्यावी. सान इसिद्रोची सीमा सकाळी पायी ओलांडा आणि पलीकडे मार्गदर्शकाला भेटा. परत येताना वाहनांच्या रांगेत दोन-तीन तास सहज जातात, रविवारी संध्याकाळी त्याहूनही अधिक. पादचाऱ्यांची रांग बहुतेक वेळा त्यापेक्षा लवकर सरकते. बाबांना फार वेळ उभे राहणे कठीण असेल तर हा निर्णय जपून घ्या. शनिवार-रविवार टाळता आला तर दोन्ही रांगांचा प्रश्न बराच हलका होतो.

पुढेमागे स्वतःची गाडी नेण्याचा विचार आलाच तर ध्यानात ठेवा की अमेरिकेतील वाहनविमा मेक्सिकोत ग्राह्य धरला जात नाही. तेथील कंपनीचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. भाड्याच्या गाडीला तर सीमेपलीकडे नेण्याची परवानगी कंपनीकडून वेगळी घ्यावी लागते.

बाटल्यांविषयी: अमेरिकेत परतताना २१ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला एक लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते आणि कॅलिफोर्नियात पायी किंवा गाडीने शिरणाऱ्यांवर त्याहून अधिक न आणण्याची मर्यादाही आहे. म्हणजे व्यवहारात माणशी एक बाटली. प्रत्येक वाइनरीत दोन-दोन बाटल्या घेण्याचा मोह आवरा. मेक्सिकन वाइन मेक्सिकोतच महाग का, असे वाटले तर त्याचे एक कारण कर आहे: १४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या वाइनवर २६.५ टक्के विशेष कर लागतो आणि त्यावर मूल्यवर्धित कर वेगळा. लहान उत्पादकाला हा भार फार जड जातो, म्हणून त्याच्याकडून एक बाटली घेतली तर ती आनंदाने घ्या.

पैसे पेसोमध्ये द्या. कार्डाच्या यंत्रावर डॉलर की पेसो असा पर्याय आला तर पेसो निवडा, कारण डॉलर निवडले की दर त्यांच्या सोयीचा लागतो. जेवणानंतर दहा ते पंधरा टक्के बक्षिसी देण्याची पद्धत आहे.

मृण्मयी

दोघांचेही आभार. आई-बाबांचे व्हिसा अनेक प्रवेशांचे आहेत आणि माझा शिक्काही चालू आहे, त्यामुळे ती बाजू पक्की झाली. क्षाराने करपलेल्या पानांचे वाचून दाखवले तेव्हा बाबांनी लगेच विचारले, की मग ते खुंट, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचे कलम बांधतात ते, कोणते वापरतात? हा प्रश्न मी मार्गदर्शकासाठी लिहून ठेवला आहे.

एक गोष्ट अजून अडते आहे. दिवसातील निदान अर्धा वेळ आईचा असावा, अशी माझी इच्छा आहे. वाइन सोडून या खोऱ्यात आणि एन्सेनादात तिच्यासाठी काय आहे? आणि शाकाहारी जेवणाचे कसे करावे?

प्रतिसाद: अरुंधती

मृण्मयी, तुमच्या आईंसाठी या खोऱ्यात इतके आहे की मी त्यांच्याच बाजूने दिवसाची आखणी करीन.

फ्रान्सिस्को सार्को या गावात रशियन वस्तीचे एक छोटे संग्रहालय आहे. १९०५ च्या सुमारास मोलोकान पंथाची शंभरेक रशियन कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. झारच्या रशियात सक्तीची लष्करसेवा त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हती, अधिकृत चर्चशी त्यांचे पटत नव्हते, म्हणून त्यांनी देश सोडला आणि या कोरड्या खोऱ्यात जमीन घेऊन गहू पेरला. जाड मातीच्या भिंतींची घरे, वाफेची न्हाणीघरे आणि समोवार (चहासाठी पाणी उकळण्याचे रशियन भांडे) त्यांनी सोबत आणलेल्या सवयींतून येथे उभे केले. ही माणसे मद्याला शिवत नसत, आणि तरीही पुढे त्यांच्यापैकी काहींच्या शेतात द्राक्षवेली आल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जमिनीचे वाद पेटले, बहुतेक कुटुंबे उत्तरेला कॅलिफोर्नियात निघून गेली आणि मोजकीच मागे राहिली. संग्रहालयात त्यांचे भरतकाम केलेले कपडे, चरखे, घरगुती भांडी आणि कुटुंबांची छायाचित्रे ठेवली आहेत. मी पाहिलेल्या एका छायाचित्रात डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका मेक्सिकन उन्हात डोळे बारीक करून ओळीने उभ्या होत्या आणि मागे एकही झाड नव्हते. तुमच्या आई तिथे चाखणीच्या टेबलापेक्षा जास्त वेळ थांबतील, याची मला खात्री वाटते.

त्याच्या जवळच खोऱ्याच्या इतिहासाचे दुसरे छोटे संग्रहालय आहे. डोमिनिकन पाद्र्यांनी १८३४ साली या खोऱ्यात स्थापन केलेल्या ग्वादालूपे मिशनची माहिती तिथे मिळते. कॅलिफोर्नियाच्या दोन्ही भागांत उभारल्या गेलेल्या मिशनांपैकी हे शेवटचे, आणि ते सहा वर्षेच टिकले. पाद्री येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे कुमियाय लोक राहतात. सान आन्तोनियो नेकुआ या त्यांच्या वस्तीत बायका लव्हाळ्यासारख्या गवताच्या टोपल्या विणतात. विणी इतक्या घट्ट असतात की बोटाने चाचपले तरी दोन वेढ्यांमधली फट लागत नाही. मार्गदर्शकाला आधी कळवले तर तो तिथे नेऊ शकतो. टोपली महाग वाटली तरी घासाघीस करू नका, कारण एका टोपलीमागे कित्येक दिवसांचे काम असते.

२०१२ साली उघडलेले द्राक्ष आणि वाइनचे संग्रहालयही महामार्गालगत आहे. ज्यांना घोट न घेता सगळे समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी ते चांगले, पण वेळ कमी असेल तर मी रशियन संग्रहालयाला पसंती देईन.

एन्सेनादा वगळू नका. खोऱ्यातून ते जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि या वाइनचा इतिहास तिथल्या बंदराशी बांधलेला आहे. बाहा कॅलिफोर्नियातील सर्वांत जुनी वाइनरी सांतो तोमास १८८८ साली स्थापन झाली. तिच्या बागा एन्सेनादाच्या दक्षिणेकडील वेगळ्या खोऱ्यात होत्या, मात्र पुढे तिचा कारभार शहराच्या मध्यवस्तीत आला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि सीमेपलीकडून येणाऱ्या श्रीमंतांमुळे या किनाऱ्याला भरभराटीचे दिवस आले. त्या काळाची खूण म्हणजे रिव्हिएरा देल पासिफिको ही पांढरी वास्तू. १९३० साली ती हॉटेल आणि कॅसिनो म्हणून उघडली आणि आता तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. आतली रंगवलेली छते आणि भिंतींवरच्या फरशा पाहायला आणि बागेत बसायला अर्धा-पाऊण तास पुरे होतो. आई-बाबांच्या पायांनाही तेवढी विश्रांती मिळते. त्याउलट ला बुफादोरा शहरापासून बरेच दूर, पुंता बांदाच्या टोकाला आहे. जाऊन-येऊन दोन तास खर्च करून, दुकानांच्या लांबलचक रांगेतून चालत जाऊन पाण्याचा एक फवारा पाहायचा, हे या दिवसात बसत नाही.

जेवणाचे थोडे सांभाळावे लागेल. २०१५ साली युनेस्कोने एन्सेनादाला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, ती मुख्यतः मासे आणि शिंपल्यांच्या बळावर. पातळ पिठात बुडवून तळलेल्या माशाचा टाको हा तिथला मानबिंदू. शाकाहारी माणसासाठी खरी अडचण न दिसणाऱ्या पदार्थांची असते: घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढे म्हटल्याने हे दोन्ही टळत नाहीत. 'सिन मान्तेका' आणि 'सिन काल्दो दे पोयो' हेही सांगायला हवे. मार्गदर्शकाने हॉटेलला आदल्या दिवशीच फोन करून हे सांगावे, असा आग्रह धरा. निवडुंगाची भाजी, भाजलेल्या मिरचीच्या फोडी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, मक्याच्या ताज्या पोळ्या आणि त्यांच्यासोबत एन्सेनादाच्या पूर्वेकडील ओहोस नेग्रोसच्या परिसरातील रेआल देल कास्तियो हे चीज मागवले, की आईंचे पोटभर आणि रुचकर जेवण होते. चीजमध्ये प्राणिज विरजण वापरलेले असू शकते; त्या ते पाळत असतील तर तेवढे विचारून घ्या.

प्रतिसाद: नचिकेत

अरुंधतींच्या बहुतेक सूचना मला पटतात, मात्र क्रम मी उलटा ठेवीन. सगळ्या सहली आधी खोरे आणि शेवटी शहर अशा जातात. त्यामुळे दुपारी चारनंतर थकलेली, अर्धवट झोपेतली माणसे एन्सेनादात उतरतात, मासळीबाजार तोवर आवरत आलेला असतो आणि सगळे शहर किनाऱ्यावरच्या दुकानांपुरते उरते. सकाळी थेट एन्सेनादा गाठा. तिहुआनाहून जाणारा किनाऱ्याचा टोल रस्ता सकाळच्या उजेडात अतिशय सुंदर दिसतो. याच रस्त्याचा साल्सिपुएदेसजवळचा एक तुकडा डिसेंबर २०१३ मध्ये खचून समुद्राच्या बाजूला कोसळला होता आणि दुरुस्तीला जवळजवळ वर्ष लागले. तिथून जाताना कड्यांच्या भुसभुशीत थरांकडे बाबांचे लक्ष वेधा, माती ओळखणाऱ्याला ते पाहायला आवडेल.

मेर्कादो नेग्रो हा बंदरालगतचा मासळीबाजार शाकाहारी आईंना नको वाटेल, तर तेवढ्या वेळात त्या रिव्हिएरा पाहू शकतील. शहर साडेअकरापर्यंत संपवून खोऱ्यात शिरलात, तर आधी संग्रहालय, मग निवांत जेवण आणि मग भरल्या पोटी चाखणी, असा क्रम लागतो. रिकाम्या पोटी सकाळी दहाला वाइन समोर येण्यापेक्षा हे सर्वच बाजूंनी बरे. दुपारचे ऊनही जेवणाच्या वेळी टळते आणि कलत्या उन्हात बागेत चालणे वृद्धांना सोपे जाते. किनाऱ्यावर सकाळी धुके आणि गारवा असतो, खोऱ्यात दुपारी कडक ऊन. दोघांसाठीही टोपी आणि पातळ स्वेटर असे दोन्ही ठेवा, आणि बूट धुळीत चालण्याजोगे असावेत.

ऑक्टोबरच्या निवडीविषयी थोडे. ऑगस्टमध्ये खोऱ्यात तोडणीचे उत्सव असतात, त्यांना फिएस्तास दे ला वेन्दिमिया म्हणतात. त्या दिवसांत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात आणि ज्याच्याशी बोलायचे तो वाइन करणारा माणूस पाहुण्यांत अडकलेला असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पांढऱ्या जातींची तोडणी उरकलेली असते. उशिरा पिकणाऱ्या लाल जातींचे काही घड क्वचित वेलीवर दिसतात, आणि मुख्य म्हणजे टाक्यांमध्ये रस आंबत असतो. आंबताना साली वर येऊन त्यांचा जाड थर साचतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर घेऊन त्यावर ओततात. हे काम सुरू असताना टाकीजवळ उभे राहायला मिळाले तर बाबांना ते दाखवाच. टाकीच्या तोंडाशी वाकून मात्र वास घेऊ देऊ नका, कारण आंबण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वरती साचलेला असतो आणि एका श्वासात घेरी येऊ शकते.

बाबांच्या खुंटाच्या प्रश्नात जोडीला आणखी एक प्रश्न घाला: पाणी कोणाच्या मालकीचे? खोऱ्यात विहीर आणि तिच्या उपशाचा परवाना यांना जमिनीइतकीच किंमत आहे. हॉटेले, बंगल्यांच्या वसाहती आणि मोठे संगीत सोहळे यांच्याविरुद्ध तिथले बागायतदार आवाज उठवत आले आहेत, त्यामागे हे पाणीच आहे. मार्गदर्शक या विषयावर मोकळेपणाने बोलला, तर माणूस योग्य मिळाला असे समजा.

मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या कंपनीचा छापील कार्यक्रम सोडून दिला आणि एन्सेनादातील एका स्वतंत्र मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार सुरू केला आहे. वाहनचालक वेगळा असेल, असे त्याने आपणहून लिहिले. गुरुवार ठरतो आहे. सकाळी पायी सीमा, मग किनाऱ्याच्या रस्त्याने एन्सेनादा आणि रिव्हिएरा, त्यानंतर रशियन संग्रहालय, जेवण आणि शेवटी वेना कावा व एल पोर्वेनीरमधील एक लहान बाग, असा क्रम लागला आहे. टोपल्यांसाठी नेकुआला वेळ उरेल की नाही, हे त्याने सांगितलेले नाही.

प्रतिसाद: अरुंधती

छान आखणी आहे. नेकुआ जमवायचे असेल तर दुसरी बाग सोडा, संग्रहालय सोडू नका. आणि गुरुवार पक्का करण्याआधी एवढे करा: त्या दिवशी संग्रहालय आणि दोन्ही वाइनरी उघड्या आहेत का, हे मार्गदर्शकाकडून प्रत्येक ठिकाणी फोन करून तपासून घ्या. लहान ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत काही वेळा दार बंद असते, आणि संकेतस्थळावरच्या वेळा कोणी बदललेल्या नसतात.